अलकाताई आणि माझा भोपळ्याच्या बियांचा कंटेनर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ श्यामराव, व्यासपीठावर विराजमान पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी ही शाल आणि हा हार आला त्या अलकाताई सबनीस, आणि न्यू टाउनपासून डमडमपर्यंत कुठून कुठून रविवारची झोप मोडून आलेल्या बंधू-भगिनींनो, सुधा कुलथेचा सगळ्यांना नमस्कार.

श्यामरावांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. प्रास्ताविकाला त्यांनी स्वतः बावीस घेतली, तेव्हा मला घड्याळ दाखवायचं नाही.

आत्तापर्यंत चार जण बोलले. अलकाताई मृदुभाषी आहेत, सोज्वळ आहेत, गणपतीत अथर्वशीर्ष सुंदर म्हणतात. असतील. पण मी विचारते, या चौघांपैकी कुणाचा माल कधी त्यांच्यासमोर गेलाय का? परदेशातून खायचं सामान बंदरात उतरलं की ते माणसानं खावं की नाही, हे बघायची त्यांची नोकरी. चार वर्षं त्यांनी ती इथं केली, आता चेन्नईला चालल्या. ती नोकरी गोड बोलून होत नाही. मला माहीत आहे, कारण माझा माल त्यांनी अडवला होता.

हावड्याला माझा बिया निवडून भाजायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी आणि सात बंगाली बायका. भोपळ्याच्या बिया आम्ही पूर्वी बडाबाजारातून घ्यायचो. गेल्या वर्षी म्हटलं, आपणच बाहेरून मागवू. आमचे हे म्हणाले, "सुधा, त्याला नियम फार असतात." मी म्हटलं, "नियमवाली आपल्याच मंडळातली आहे. माझ्याकडे हळदीकुंकवाला येते." शिक्षण माझं चौथीपर्यंत, पण ओळखीपाळखीत मी पदवीधर.

कंटेनर आला. तपासणीच्या दिवशी मी गोदामात घरून सूप घेऊन गेले. हसा, हसा. मला सांगा बायांनो, शेजारणीला वाटीभर तांदूळ उसने देताना आपण तसेच देतो का? निवडतो, पाखडतो, मग देतो. अलकाताईंनी पोत्यात नळी खुपसून बिया काढल्या आणि कागद लिहायला वळल्या. तेवढ्यात मी त्या सुपात घेतल्या, चार हात पाखडल्या, खडे काढले, काळपट बिया बाजूला केल्या, पिशवी भरली आणि म्हटलं, "घ्या. आता द्यायला लाज नाही वाटणार."

त्यांनी पिशवी माझ्यासमोर उलटी केली.

"सुधाताई, पाखडलेलं मी घरी नेईन. इथं मला पोत्यात आहे तसं लागतं."

"अहो, पण त्यात कचरा आहे."

"तोच बघायचाय मला."

मग दुसरी आठ पोती उघडली, नवा नमुना घेतला, सील केलं. कागदावर लिहिलं, की आयात करणाऱ्या बाईनं पहिल्या नमुन्याला हात लावला म्हणून तो टाकून दुसरा घेतला. आणि त्याखाली माझीच सही घेतली. बाईच्या अब्रूचा काही विचार?

दहा दिवसांनी निकाल आला. बियांमध्ये बुरशीचं विष, ठरलेल्या मर्यादेच्या वर. माल बाहेर काढायचा नाही. दुर्गापूजा पाच आठवड्यांवर, वर्षाची निम्मी विक्री तेव्हाची, आणि माझ्या सात बायका रिकाम्या भट्टीसमोर बसलेल्या. मी थेट अलकाताईंच्या दारात गेले. चप्पलसुद्धा काढली नाही. म्हटलं, "आपल्या माणसासाठी एवढं होत नाही तुमच्याच्यानं?"

तर म्हणतात, "ते खाणार कोण आहे, सुधाताई? आपलीच माणसं ना?"

त्यावर मी जास्तच चिडले. चिटणिसांच्या सायलीला गाठलं. ती इथंच वाढलेली, तिचं इंग्रजी चांगलं. म्हटलं, लिही यांच्या साहेबांना तक्रार. ती म्हणाली, "काकू, पॉइंट सांगा." मी सांगितले. चहा घेत नाही. ओळख दाखवत नाही. नमुना पाखडू देत नाही. प्रत्येक पोत्यात नाक घालते. सायली म्हणाली, "काकू, ही कम्प्लेन कुठे आहे, ही तर तारीफ आहे." म्हटलं, "मग त्यात 'त्रास देते' असं घाल आणि पाठव मुकाट्यानं." अर्ज मिळाल्याचं पत्र आठ दिवसांत आलं. खाली सही कुणाची? अलकाताईंचीच.

आता पुढचं ऐका. माल विकणारा म्हणाला, "आमच्या बिया चोख होत्या, तुम्हीच नमुन्यात काहीतरी केलं असेल." तेव्हा यांनी लिहिलेला तो माझ्या अब्रूचा कागद मी त्याला पाठवला. कोणतं पोतं, कोणती वेळ, काय टाकलं, काय घेतलं, सगळं त्यात होतं. माल त्यानं परत नेला, नवा पाठवला. अलकाताईंनी त्या दिवशी माझा हात चालवून घेतला असता, तर मी कुठली त्याच्याशी भांडणार होते? नवा माल तपासला तेव्हा मी हात मागे बांधून उभी होते. पास झाला.

सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. पूजा गेली ती गेलीच. सातातल्या दोघी दुसरीकडे लागल्या. एक परत आली, दुसरी रस्त्यात दिसली तर अजून मान फिरवते.

आणि तो अर्ज. माझा माल सुटला, तसा मी तो विसरून गेले. मागे घ्यायचं डोक्यातच आलं नाही. मागच्या आठवड्यात यांच्या ऑफिसातल्या एकाकडून कळलं, की त्या अर्जापायी यांना तीन महिने वरच्यांना लेखी उत्तरं द्यावी लागली. तीन महिने. त्या तीन महिन्यांत मंडळाची तीन जेवणं झाली आणि तिन्ही वेळा ही बाई माझ्या शेजारी बसून जेवली. एका शब्दानं बोलली नाही. मी आपली त्यांना पोळी वाढतेय, आग्रह करतेय.

असो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आणि मघापासून चुळबुळ न करता ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानते. बोलण्यात कमी-जास्त झालं तर पोटात घाला म्हणायची रीत आहे. तुम्ही घालालच, इतकी वर्षं घालताय. पण अलकाताई, तुम्हाला मी रीत म्हणून सांगत नाही. तो अर्ज खोटा होता, तो मी केला, आणि माझं चुकलं. उत्तराच्या भाषणात यावर काही गोड बोलू नका, मला ते नको. मी खाली तिसऱ्या रांगेत बसते. काय बोलायचं ते तिथं येऊन माझ्या तोंडावर बोला. तोवर मी पंगतीला उठणार नाही.

नमस्कार.