साइटचा पहिला वाचक

दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाईने मांडीवर लॅपटॉप उघडला होता आणि तिची धाकटी बहीण शेजारून त्यात बघत होती. शिंपीणबाईंनी मासिकात डोकं घातलं खरं, पण कान तिकडेच लागले.

“ताई, सर्व्हरचा फोल्डर उघड. आत लॉग्स नावाचा फोल्डर असेल.”

“सापडला. पण ब्राउझरची हिस्ट्री तर कोरी आहे गं.”

“भावोजींनी पुसली असेल. कुठलं पान कधी उघडलं, याची नोंद सर्व्हर वेगळी ठेवतो. ते त्यांना कुठलं ठाऊक!”

“मी बनवतेय ती साइट अजून फक्त याच लॅपटॉपवर आहे. बाहेरच्या कुणाला दिसतच नाही.”

“म्हणूनच म्हणते, कालची दुपार बघ.”

“काल लॅपटॉप घरी ठेवून मी कामावर गेले होते... अगं, सगळी पानं उघडलीत!”

“मार खाणाऱ्या बायकांनी घरातून कसं निघायचं, ते पानही?”

“ते तर पुन्हा पुन्हा.”

“मग रात्री काय म्हणाले?”

“त्याबद्दल काहीच नाही. मला ताट वाढून दिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.”

“ताई...”

“हसत होते गं. जेव पोटभर, म्हणाले.”

“ताई, किती वर्षं सांगतेय मी तुला, नीघ तिथून म्हणून!”

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

“कपडे राहू देत तिथेच. मी आता त्या घरात परत जाणार नाही.”