निळाच राहिलेला ठिपका

नाही नाही, साखर नकोय मला — वाटी रिकामी आहे म्हणून तसं वाटलं असेल तुम्हाला, वाटी मी नुसतीच आणलीय, अगदी मोकळ्या हाताने कुणाची बेल कशी वाजवायची? — दूधही नको, वर्गणी मागायलाही आले नाहीये, प्लीज दार लोटू नका, मी तुमच्या बरोब्बर वर राहते, तीच ती, जिच्या घरातून खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो — येतो ना? माफ करा. काम अगदी छोटं आहे. तुम्ही माझ्याशी तीन शब्द बोलायचेत. कुठलेही तीन. अहो, असे मागे नका सरकू, उलट जरा पुढे या, हाताच्या अंतरावर, नाहीतर धरता येणार नाही — अगं बाई! काय पडलं? चमचा होय. मला वाटलं... काही नाही, मी दचकते. लिफ्टचं दार बंद होतानासुद्धा दचकते, आणि बटण मीच दाबलेलं असतं.

सगळं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. साथ कशी पसरते त्याचं मॉडेल करते मी, कॉम्प्युटरवर — म्हणजे पडद्यावर ठिपके असतात, एक ठिपका म्हणजे एक माणूस. निळा म्हणजे धडधाकट, लाल म्हणजे आजारी, करडा म्हणजे आजारी पडून बरा झालेला. एका ठिपक्याला ताप आणायचा आणि बघत बसायचं, कोण कुणाला भेटतो, कोण कुणाला देतो. पुढे अख्खं शहर घालायचंय, पण सर म्हणाले आधी चाचणीसाठी एखादी लहान जागा घ्या. मी आपली ही इमारत घेतली. असे बघू नका ना — नावं कुणाचीच घातली नाहीयेत, तुम्ही नुसते 'सायकलवाले', खालच्या त्या 'कुत्रेवाल्या मावशी', गच्चीखालचे 'भांडकुदळ नवरा-बायको'. कोण कुणाशी किती बोलतं तेवढंच हवं असतं, आणि ते काय, दाराच्या भोकातून दिसतं, जिन्यात आवाज घुमतो, बाल्कनीतून निम्मं कळतं. हेरगिरी नाही हो! निरीक्षण. दोन्हींत फरक आहे. असावा.

तर घोळ असा झाला की मीही याच इमारतीत राहते. मग माझा ठिपका नको? घातला. अगदी प्रामाणिकपणे घातला. कुणाशी हाताच्या अंतरावर, समोरासमोर, दोघांचे तीन-तीन शब्द तरी झाले तर एक संपर्क धरायचा, अशी आमची व्याख्या आहे — आणि त्या व्याख्येने माझे आले शून्य. काम घरून, सर पडद्यावर, भाजीवाला पिशवी दाराशी ठेवून जातो. आईशी रोज बोलते, तासन्‌तास, पण फोनवरून खोकला जात नाही, त्यामुळे आईला धरता येत नाही. हे तिला सांगितलं तर ती रडायलाच लागली. म्हटलं, अगं तुला आयुष्यातून नाही वगळलं, मॉडेलमधून वगळलंय, तर आणखीच रडली.

आता सरांनी प्रोग्रॅमला बजावून ठेवलंय, की सगळे करडे झाल्याशिवाय थांबायचं नाही. वाईटात वाईट काय होईल ते बघायचं असतं ना. मी सुरू केलं. तुम्ही लाल झालात, मग मावशी, मग ते नवरा-बायको — एकमेकांकडून नाही, दोघंही तुमच्याचकडून, तुम्ही दोघांची समजूत काढायला जाता ना — आणि बघता बघता अख्खी इमारत करडी. आणि मी निळी. कॉम्प्युटर काही थांबेना. पंखा असा घोंघावायला लागला की मी खुर्चीवरून उठलेच. मग आजार जास्त संसर्गजन्य केला, पार गोवराइतका. परत सगळे आडवे, परत मी निळी. तुमचा खोकला वाढवून पाहिला. तुम्हाला जिन्यात जास्त वेळ उभं केलं, सायकल खांद्यावर तशीच. तुम्हाला कितीदा ताप आणलाय मी, विचारू नका — दरवेळी सुरुवात तुमच्यापासूनच. मावशींपासून का नाही? कारण... कारण तुम्ही सगळ्यांशी बोलता. कुत्र्याशीसुद्धा थांबून बोलता. मला वाटायचं, निदान यांच्याकडून तरी माझ्यापर्यंत काहीतरी — विषाणू! विषाणूबद्दलच बोलतेय मी.

काल सर म्हणाले, हा निळा ठिपका काढून टाका, काहीतरी चुकलंय, असा माणूस प्रत्यक्षात नसतो. म्हटलं, सर, असूही शकतो. म्हणाले, दाखवा. आता काय दाखवू? कॅमेरा मी कायम बंद ठेवते. उद्या सकाळी काढून टाकणार ते मला. ठिपक्याला, म्हणजे. तुम्ही म्हणाल, घालायचा एखादा खोटा आकडा, कोण बघतंय — नाही हो, उद्या त्याच आकड्यांवर हॉस्पिटलच्या खाटा मोजतील, मला झोप नाही लागायची. खरा संपर्क हवा. एकच. आणि मगापासून मीच बडबडतेय, तुम्ही नुसती मान हलवताय, मान धरता येत नाही. मी काय फार मागतेय का? भाजीवाल्याशी बोलता, मावशींच्या कुत्र्याला तब्येत विचारता, आणि माझ्या वेळेलाच — मी तशी वाईट नाहीये हो बोलायला. बोलले की थांबत नाही एवढंच. ही वाटी धरा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरते, म्हणजे अंतर बरोबर येईल — धरा ना! हां. अहो, तुमचा हात केवढा गरम लागतोय. आणि हा मफलर, या उकाड्यात? घशाकडे का बोट — काय? जरा मोठ्याने, घोगरा येतोय आवाज...

मला. ताप. आहे.

तीन! तीन झाले! आणि माझे तर — माझे मोजायलाच नकोत. अगं आई गं. खरंच झाला. म्हणून मागे सरकत होतात होय? आणि मी वेडी तुम्हालाच पुढे बोलावतेय — नाही, आता हात सोडून काय उपयोग, व्हायचं ते झालं, मॉडेल मीच केलंय, मला माहीत आहे. नाही, घाबरले नाहीये. म्हणजे घाबरलेय, पण ते नेहमीचंच. तुम्ही आत जा, पडून राहा, भरपूर पाणी प्या. वाटी राहू द्या तुमच्याकडे. रिकामीच द्या परत, पण वर येऊन द्या, हातात, दाराशी ठेवून जाऊ नका — तुमचा उतरल्यावर. किंवा माझा चढल्यावर, कसंही. लावा आता दार. लावा म्हणते ना, मी नाही दचकणार.