टोपीकराची लाल केप

शिवायला घेतली तेव्हा हौसच होती बघा. पन्हाळ्यावर ऐतिहासिक नाटक होतं आणि माझ्या नवऱ्याला, विकासला, त्यात इंग्रज टोपीकराचं काम मिळालं होतं. मी पुठ्ठ्यावर काळी मखमल चढवून तिकोनी टोपी केली आणि पाठीवर सोडायला लांब लाल केप शिवली. गळ्याशी बांधायला कापडी बंद लावला.

निघताना म्हटलं, "केप काढून पिशवीत घाल की."

"न्हाय. लोकांस्नी बघू दे, टोपीकर आलाय म्हणून!" असं म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

टोपी मांडीवर धरून मी मागं बसले. घाटात अचानक त्याचं डोकं मागं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याच्या घशातली घरघर ऐकू आली. खाली बघते तर केप मागच्या चाकात गुंडाळत चाललेली!

त्यानं कसाबसा ब्रेक दाबला. मी उडी मारून उतरले. बंद गळ्यात असा रुतला होता की माझं बोट आत शिरेना. दात लावले, तरी तुटेना. त्याचे ओठ निळे पडायला लागले. शेवटी गाडी न्यूट्रलला टाकून जिवाच्या आकांतानं मागं ओढली. चाक उलटं फिरलं, कापड सैल पडलं आणि त्यानं श्वास घेतला. मी तिथंच रस्त्यावर बसून रडले.

नाटकाआधी दिग्दर्शकानं त्याच्या गळ्यावरचा लाल वळ निरखून बघितला. "वहिनी, हे कशानं रंगवलं ओ? अगदी खरं वाटतंय."

विकासच बसक्या आवाजात म्हणाला, "घरचंच काम हाय."