व्याह्यांसाठी पोपटी

रोह्याहून पेणला निघालेल्या एसटीत नमिता पुढच्या सीटवरच्या दोघींकडे कान लावून बसली होती.

“जनीवहिनी, उद्या पोरीच्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला येतायत आणि सिलिंडर संपला.”

“नवा आण गो मैना.”

“भाव बघितलास? अर्ध्यात देणार होता ना तो निवडणुकीतला उमेदवार?”

“माझ्याच ओट्यावर बसून बोलला. दोन कप चहा प्याला, तवापासून भाव दोनदा वाढला. तिसरा कप मागितला नाय, नशीब.”

“हसतेस काय? मी शिजवू कशावर?”

“पोपटी लाव. मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, आणि वरून पेंढ्याचा जाळ. विहीणबाई बोटं चाटत बसेल.”

“मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला कुठे मिळेल आता?”

नमिता पुढे वाकली.

“आमच्या गडब गावात बांधावर हाय. माझ्याबरोबर उतरा. चहा मात्र नाय मिळणार, माझाही सिलिंडर संपलाय.”