विरजणापुरतं दही

– नाही नाही, विरजणाला कुणाला नाही म्हणू नये. देते वाटीत, तू बस गं अंतरा. तर मी काय सांगत होते – हां, थोको. परवा जेवायला आली होती ना ती, मलावीची पाण्याची मंत्री, याच सोफ्यावर बसून हातानं वरणभात खाल्लाय तिनं. कुणाला खरं वाटेल, की चौदा वर्षांपूर्वी ही बाई आपल्या याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर एका खोलीत चौघींबरोबर राहायची? शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवायची-उतरवायची. आमचा अर्णव तिचं ऐकायचा, माझं नाही – ते असो. राजकारण तिला मी शिकवलं. म्हणजे – शिकवलं म्हणजे काय – पहिल्याच दिवशी दारात आली, चिमूटभर मीठ मागायला. मी म्हटलं, संपलंय. हातात किलोची पिशवी होती माझ्या, अजून फोडलेलीही नव्हती. आठवलं की आजही लाज वाटते बघ. ती हसली, दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी दिलं. आणि गंमत काय, त्यानंतर जिन्यात कुणी तिला वेडंवाकडं बोललं की भांडायला मी पुढे. आपण जिला मीठ दिलं तिला दुसरं कुणी बोललेलं खपतं का? नाही खपत.

पुढे ती गावी परतली, निवडणुकीला उभी राहिली – आणि आपटली. बाकीचे पिठाची पोती वाटायचे, हिच्याकडे वाटायला काय होतं? काही नाही. दुसऱ्या खेपेला दारोदार मीठच मागत सुटली. मत नाही, मीठ. लोक म्हणाले, हिनं आपलं मीठ खाल्लंय, ही जागेल. आली निवडून. जागलीही, गावोगाव पाण्याचे पंप बसवले, झाली मंत्री. मी? मी कुठे काय – बरं, तुला म्हणून सांगते. आपल्या बिल्डिंगच्या मंडळाची अध्यक्ष मी सहा वर्षं आहे, ती कशी? समोर पूर्णिमा होती, केवढ्या तिच्या ओळखी. मी आपलं बावीस घरांतून विरजण मागून आणलं. दही खाऊन खाऊन आमच्याकडे सगळ्यांना सर्दी. पूर्णिमाला सात मतं, खलास. त्यानंतर बिनविरोधच. यंदाही तसंच होणार होतं, पण कुणीतरी फॉर्म भरलाय म्हणे, नाव कळत नाही.

घे ही वाटी. पण काय गं, तुझ्याकडे तर दह्याचा डबा दुकानातून येतो ना? आणि काल ईश्वरीकडूनही विरजण नेलंस म्हणे. मधुकडूनही? थांब जरा. परवा थोकोला विमानतळावर तू सोडलंस, अर्धा तास गाडीत तुम्ही दोघीच. काय बोलली ती?

बरं. नको सांगूस. दे ती वाटी इकडे – नको, असू दे, दिलेलं विरजण कुणी परत घेतं का. आता तुला कुणी काही बोललं तर भांडायला मीच येणार, माझीच मेलीची खोड. ऊठ. मतदान शुक्रवारी आहे. वाटी शनिवारी आणून दे – आणि रिकामी आणू नकोस.