दोन्ही उजवीकडचे

डाव्या-उजव्याचं काय घेऊन बसलात राव, त्यापायी आमच्या घरची पेरणी अडली होती!

सत्तरच्या पुढची गोष्ट. आम्ही तेव्हा बोरीला. ऐन पेरणीच्या तोंडावर आमचा डावीकडचा बैल दगावला. वडिलांनी बाजारातून नवा आणला. दात बघितले, शिंगं बघितली, पण जुवाला कोणत्या बाजूनं चालतो, तेवढं विचारायचं राहिलं. तिफणीला जुंपला, तर हाही उजवीकडचाच! डावीकडं उभाच राहीना. जुन्या मोऱ्याला ढकलून त्याच्या जागेवर जायचा.

आई म्हणाली, "भाऊजींचीबी जोडी मोडलीय. त्यांचा बाळ्या डावीकडचाच हाय. इचारा की."

भाऊजी म्हणजे माझे चुलते. बांधावरून दोघा भावांचा कैक वर्षांचा अबोला.

"मी न्हाई इचारणार," वडील म्हणाले.

शेवटी आईनंच जाऊन ठरवलं. त्यांचा बाळ्या, आमचा मोऱ्या. आधी आमचं रान, मग त्यांचं. वडील तिफण हाकायचे, चुलते बी सोडायचे. बोलणं मात्र बैलांमार्फत.

"बाळ्या, तुझ्या मालकाला सांग, बी लय दाट पडायलंय."

"मोऱ्या, तुझ्या मालकाला म्हणावं, आधी तास सरळ धर."

वाटेनं मास्तर चालले होते. दोघा भावांना एका तिफणीवर बघून थांबलेच. "वा! झाला का समेट?"

दोघंही एकदमच ओरडले, "बैलांचा झाला!"