सुरभीचं साटंलोटं

...नाय, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? कानावर पडलं ते ऐकलं, ऐकलं ते कळलं, कळलं ते एकीला सांगितलं. ते पण एकीलाच! कानाला काय झाकण असतं? मी आपली कुणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय, आख्ख्या अष्टमी गावात विचारा. तरी नाव कुणाचं झालं? विमलबाईचं!

झालं काय, तुम्हाला सांगते... मी मागल्या ओट्यावर वाल सोलत बसलेले. मोड आलेले, बिरड्यासाठी. आता वाल सोलायला हात लागतात, कान तर मोकळेच राहतात ना! आणि पलीकडं रोहिणीचं स्वयंपाकघर, मध्ये भिंत कसली, नुसतं जास्वंदीचं कुंपण. रोहिणी फोनवर होती. ती फोनवर बोलते म्हणजे कशी, समोरचं माणूस पलीकडच्या निडी गावात असलं तर त्याला फोनची गरज नाय. म्हणते, "व्हय गो, आपली मुलगी तिकडं जाणार, आणि बदल्यात त्यांची आपल्याकडं येणार... नायतर दोन्ही रद्द म्हणतात... खर्च? छे छे, सगळा तेच करणार... साईराजला सांगितलंय, तुझी खोली रंगवून घे..." आणि इथं, अगदी इथंच, आमच्या कुकरनं शिट्टी मारली! एक नाय, लागोपाठ तीन! गॅस बंद करून येते तर हिचा फोन संपलेला.

आता तुम्हीच सांगा. आपली मुलगी तिकडं, त्यांची इकडं, एक मोडलं की दुसरं मोडलं, याला काय म्हणतात? साटंलोटं! माझी आई आली आणि त्याच मांडवातून माझी आत्या आईच्या भावाला गेली, मला कुणी शिकवायला नको. आणि साईराज, रोहिणीचा थोरला, कंपनीत शिफ्टला जातो, पोरगा सोन्यासारखा, पण तिशीला टेकला तरी लग्न जमेना. जित्यापासून निडीपर्यंत गावोगावच्या मुली बघून झाल्या. एकीला पुण्यात फ्लॅट पाहिजे, एकीला घरात सासू नको... मग आईनं धाकट्या सुरभीच्या बदल्यात सून आणली तर त्यात नवल काय?

मी सांगितलं फक्त अनीसाला. समोरच राहते, नवरा कुवेतला, मोठी समंजस बाई. ती म्हणाली, "अगो विमल, अर्धं ऐकलंस तर अर्धंच ठेव. पुरं कशाला करतेस?" मी म्हटलं, "पुरं कुठं करते, नुसतं जोडते!" आता तेव्हा शांती मासळीची पाटी घेऊन अनीसाच्या दारात उभी होती, ती काय माझी चूक? पाटी तिची, तोंड तिचं, गिऱ्हाईकं तिची. संध्याकाळी निडीहून रोहिणीच्या भावाचा, महिपतीचा फोन, "मामा जिवंत हाय ना अजून? मग मला न विचारता भाचीची सोयरीक कशी केली?" रोहिणीला काय कळेना, तिनं फोनच ठेवला. मी कुंपणाशी होते... जास्वंदीची फुलं काढत हो! संध्याकाळची काढून ठेवली तर सकाळी पूजेला बरी पडतात.

आणि दुसऱ्या दिवशी आल्या त्या मॅडम.

पेणच्या कॉलेजातल्या. सुरभी तिथं एम.एस्सी. करते. दारात गाडी थांबवून मलाच विचारतात, "हैबतरावांचं घर हेच का? सुरभी इथेच राहते?" हैबतराव म्हणजे रोहिणीचा नवरा. आता शेजारधर्म म्हणून काही हाय की नाय! मी म्हटलं, "राहते, पण आता किती दिवस! ठरलं ना तिचं. ती तिकडं आणि तिकडची पोरगी आमच्या साईराजला. खोलीला रंग पण आणलाय, गुलाबी!"

मॅडमचा चेहरा... काय सांगू, चहात मीठ पडल्यावर होतो ना, तसा. "आजी," म्हणाल्या. आजी! मी पंचावन्नची! "आजी, ती मुलगी संशोधनाला येतेय. लग्नाला नाही!"

मग सगळं बाहेर आलं. तो हॉलंड देश हाय ना, समुद्र अडवून शेती करतो म्हणे. तिथलं विद्यापीठ आणि इथलं कॉलेज मिळून खाऱ्या जमिनीचा अभ्यास करणार. पैसे अर्धे त्यांच्या सरकारचे, अर्धे आपल्या. इथली एक विद्यार्थिनी सहा महिने तिकडं, तिकडची एक सहा महिने इकडं, आणि तिनं राहायचं कुठं, तर इथल्याच घरात, गावाजवळ. घर नाय मिळालं तर दोन्ही पोरी आपापल्या घरी. साईराजची खोली रंगवायची होती ती पाहुणीसाठी, तो बिचारा ओटीवर झोपणार होता! मॅडम रोहिणीला म्हणाल्या, "मुलगी सून होणार असं ज्या घराविषयी गावभर झालंय, तिथे मी परक्या देशातली मुलगी कशी ठेवू? शुक्रवारी कागद जायचेत. दुसरं घर मिळालं तर बघा." आणि गाडी गेली.

मला वाटलं, आता रोहिणी कुंपण ओलांडून येते नि माझ्या झिंज्या उपटते. आली ती सुरभी. ओट्यावर बसली, माझ्यापुढचे वाल ओढले आणि सोलायला लागली. लहानपणी बसायची तशीच. भांडली असती तर बरं झालं असतं हो... दोन तोंडात मारून घेतल्या असत्या. खाली मान घालून म्हणते, "काकू, दोन वर्षं फॉर्म भरतेय. मागल्या साली नाव नाय आलं. यंदा आलं." एवढंच. तुम्हाला ठाऊक नसेल, हैबतरावांचं खाडीलगतचं शेत बांध फुटला त्या साली खारं झालं, ते आजतागायत. मार्चात बघावं तर जमिनीवर पांढरं मीठ. बाप रोज जाऊन त्या मिठाकडं बघून येतो, म्हणून पोरगी या विषयात पडली.

मी उठले. म्हटलं, "लाव मॅडमला फोन. माझ्या घरात राहील ती!"

खोली होती. मुलीच्या लग्नानंतर रिकामीच. ह्यांच्या गुडघ्यांपायी कमोड पण बसवलेला. गुरुवारी मॅडम तपासायला आल्या. नळ बघितला, कडी बघितली, विचारलं, "घरात पुरुष कोण?" मी ह्यांच्याकडं बोट केलं. हे आरामखुर्चीत घोरत होते. म्हटलं, "लग्न झालेलं हाय. माझ्याशीच." तेव्हा पहिल्यांदा हसल्या. आणि मग काढला तो कागद. मोठ्यानं वाचला, "मी पाहुण्या विद्यार्थिनीच्या खासगी बाबींत लक्ष घालणार नाही, चौकशी करणार नाही, तिच्याविषयी शेजारीपाजारी चर्चा करणार नाही." शेवटचं वाक्य मॅडमनी पेनानं वाढवलेलं, शाई ओली होती! कुंपणापलीकडं रोहिणी, दारात अनीसा पदर तोंडाशी धरून... मी म्हटलं, "आणा इकडं! मी अशीपण कुणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय!" आणि केली सही.

सुरभी गेली. तिकडची फेम्के आली. उंच एवढी की दारातून वाकून येते. बिरडं बोटं चाटून खाते. आणि करते काय ठाऊक? वही घेऊन घरोघर फिरते! तुमचं शेत किती, बांध कुणी फोडला, पाणी कुणी अडवलं, भावाभावात वाटणी कशी झाली... आणि लोक चहा देऊन सांगतात! याला संशोधन म्हणतात, दोन दोन सरकारं पैसे देतात. हेच मी तीस वर्षं फुकट करतेय, तर मी चोंबडी!

आता तिला मराठी येत नाय, गावाला इंग्रजी येत नाय. मग सांगायला कोण? साईराज. शिफ्ट सुटली की आंघोळ करून, सेंट मारून, गाडीवर हजर. परवा दोघं बांधावरून आली तर पार दिवेलागणीला. ती हसत होती. तो पण. कशाला हसत होती? मला काय ठाऊक? विचारायचं नाय ना! जीभ टाळूला चिकटवून बसले, वाल सोलत.

काल सुरभीचा व्हिडिओ कॉल. गाल लाल झालेत पोरीचे. म्हणते, "काकू, इथं शेजारी एक म्हातारी हाय, सारखी खिडकीतून बघते, कुठं गेलेलीस, काय खाल्लंस विचारते. मला अगदी घरच्यासारखं वाटतं." ऐकून डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मग म्हणते, "आणि तिकडं काय नवीन? दादा काय करतो? फोन उचलत नाय."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, आणि माझ्याआधी फेम्केच दाराकडं धावली.

काय सांगणार? म्हटलं, "मला काय विचारतेस गो? मी कुणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय... आता तर लेखी दिलंय."